पीं पीं करणाऱ्या डब्यामागचा माणूस

आमच्या घराण्यात स्पोर्ट्स कार घेणारा पहिला माणूस म्हणजे माझा चुलतभाऊ, सगळ्यांचा दादा. न्यू जर्सीत नोकरीला आहे. मागच्या वर्षी त्याने सेकंडहँड माझदा मियाटा घेतली. लाल रंग, दोनच सीट, छप्पर मागे घडी होणारं. फॅमिली ग्रुपवर फोटो पडले आणि काकूने लगेच विचारलं, आम्ही आलो की बसायचं कुठे? असो!

गाडीपाठोपाठ दादाला हवा झाला रडार डिटेक्टर. तिकडे पोलीस रस्त्याच्या कडेला थांबून रडार गनने गाड्यांचा वेग मोजतात. त्या रडारच्या लहरी आधीच पकडून पीं पीं करणारा हा डबा काचेला लावायचा. न्यू जर्सीत खाजगी गाडीत तो चालतो, व्हर्जिनियात मात्र बंदी आहे. काकूचं म्हणणं, गाडी हळू चालव म्हणजे डबाच लागणार नाही. पण दादा ऐकतो कसला! बाजारात मॉडेल्स पुष्कळ आणि हा पडला कॉमर्सवाला. त्याने रात्री साडेअकराला मला व्हिडिओ कॉल लावला आणि तू ई अँड टीसीचा, तूच निवड, म्हणून कामाला जुंपलं.

इथे माझी गोची झाली. कारण या डब्याच्या पोटात असतो सुपरहेटरोडाइन रिसीव्हर. आणि त्याच आठवड्यात व्हायव्हाला एक्स्टर्नलनी मला सुपरहेटचाच ब्लॉक डायग्राम विचारला होता. तो मी झोपेतही काढू शकतो. काढला. मग त्यांनी विचारलं, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, सिग्नल सरळ अँप्लिफाय का नाही करत? मी पंख्याकडे बघत बसलो.

त्याच काळात आणखी एक लफडं चालू होतं. मिनी प्रोजेक्टमधल्या माझ्या पार्टनरशी माझं बोलणं बंद होतं. हॉस्टेलच्या गेटवरून सुसाट जाणाऱ्या बाईक्सचा वेग मोजायचा, असा आमचा प्रोजेक्ट. १०.५२५ गिगाहर्ट्झचं तयार डॉप्लर मॉड्यूल आणलं होतं. त्याच्यापुढचं अँप्लिफायर सर्किट आधी कोणी काढलं, यावरून आमची जुंपली. रिपोर्टवर नाव कोणाचं वर, इथपर्यंत गोष्ट गेली. एकोणीस दिवस आम्ही मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवत होतो.

अशा अवस्थेत दादासाठी सुपरहेट नीट समजून घ्यायला बसलो आणि तो शोधणाऱ्या माणसाच्या आयुष्यातच अडकलो. त्याचं नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग.

जन्म १८ डिसेंबर १८९०, न्यूयॉर्क. लहानपणी कोरिया नावाचा आजार झाला (देश नव्हे, मज्जासंस्थेचा विकार!). दोन वर्षं शाळा बुडाली आणि मान-खांदा मध्येच झटकायची सवय जन्मभर राहिली. मग घर शहराबाहेर, हडसन नदीकाठच्या याँकर्सला हललं. तिथल्या माळ्यावर या पोराने तारा, कॉइल्स मांडून आपली प्रयोगशाळा थाटली. अंगणात सव्वाशे फुटांचा अँटेनाचा खांब स्वतः उभा केला आणि वर चढून कामं केली. उंची आणि वेग, दोन्हींचं त्याला वेड. कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला लागला तेव्हा घर ते कॉलेज अप-डाऊन करायचा लाल इंडियन मोटरसायकलवर (नाव इंडियन, कंपनी अस्सल अमेरिकन).

१९१२ साली, थर्ड इयर संपवून नुकताच पुढे गेलेला असताना, त्याने पहिला मोठा शोध लावला. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये ऑडियन नावाची व्हॅक्यूम ट्यूब बनवली होती, पण तिच्यातून फार काही पदरात पडत नव्हतं. आर्मस्ट्राँगने ट्यूबमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग परत आत सोडला. तो वाढून बाहेर आला, पुन्हा आत गेला, पुन्हा वाढला. हेडफोनला कान लावून जे ऐकावं लागे, ते खोलीभर ऐकू येऊ लागलं. हाच रिजनरेटिव्ह सर्किट. फीडबॅक अजून वाढवला की तीच ट्यूब स्वतः लहरी सोडू लागते, म्हणजे ट्रान्समीटरही तयार!

पेटंटसाठी वडिलांकडे पैसे मागितले तर आधी डिग्री घे म्हणाले. (सगळीकडचे वडील सारखेच.) तेव्हा त्याने ३१ जानेवारी १९१३ रोजी नुसती आकृती नोटरी करून ठेवली. पेटंटचा अर्ज गेला ऑक्टोबर १९१३ मध्ये. पुढे डी फॉरेस्टनेही हाच दावा केला आणि कोर्टबाजी सुरू झाली ती जवळपास वीस वर्षं. शेवटी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९३४ मध्ये डी फॉरेस्टच्या बाजूने कौल दिला. त्याच्या सहाय्यकाच्या वहीत ऑगस्ट १९१२ ची एक नोंद होती, ती कोर्टाने धरली. ट्यूब आतून कशी चालते हे आर्मस्ट्राँगनेच नीट उलगडलं, असं बहुतेक इंजिनिअरांचं मत. पण कोर्टात तारीख महत्त्वाची! सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलवर मागच्या तारखा टाकणाऱ्या आपल्या जमातीने हे जरा लक्षात ठेवावं.

निकालानंतर त्याने इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सचं मेडल ऑफ ऑनर परत करायचं ठरवलं. १९१७ चं ते पहिलंच मेडल होतं, आणि ही संस्था म्हणजे आजच्या आयट्रिपलईच्या दोन मूळ संस्थांपैकी एक. संस्थेने ते परत घ्यायला नकार दिला. भर अधिवेशनात इंजिनिअर मंडळींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कोर्टात हरलेला माणूस आपल्या लोकांत मात्र जिंकला.

आता आपल्या डब्याकडे. पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये पॅरिसला होता. जर्मन विमानांचा हल्ला बघताना त्याच्या मनात आलं, विमानाच्या इंजिनातल्या स्पार्कमधूनही रेडिओ लहरी निघतच असणार; त्या पकडता आल्या तर विमान कुठे आहे ते कळेल! म्हणजे येणाऱ्याने सोडलेल्या लहरींवरून त्याला आधीच ओळखायचं. दादाचा डबा दुसरं काय करतो?

पण अशा उच्च फ्रीक्वेन्सीच्या, क्षीण लहरी थेट वाढवणं तेव्हाच्या ट्यूब्जना झेपत नव्हतं. त्याने काय केलं, रिसीव्हरमध्येच दुसरी एक लहर तयार केली. ती आलेल्या लहरीत मिसळली, की दोघींच्या फ्रीक्वेन्सीतल्या फरकाएवढी, खालची फ्रीक्वेन्सी मिळते. मग फिल्टर, अँप्लिफायर सगळं त्या एकाच ठरलेल्या फ्रीक्वेन्सीसाठी नीट बनवायचं. स्टेशन कुठलंही असो, आतली यंत्रणा तीच. आपल्या लॅबमधल्या एएम किटवर ४५५ किलोहर्ट्झ लिहिलेलं असतं ना, ते हेच. एक्स्टर्नलच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. मला ते दीड महिन्याने सापडलं, १९१८ सालात.

श्रेयाचा घोळ इथेही झाला. फ्रान्सच्या ल्युसियाँ लेव्हीनेही याच सुमारास हीच कल्पना मांडली होती आणि अमेरिकेतल्या पेटंटचे बरेच हक्क पुढे त्याच्या बाजूला गेले. तरी आर्मस्ट्राँगकडे पैसा भरपूर आला. पेटंट विकून तो आरसीए या बड्या रेडिओ कंपनीचा सगळ्यात मोठा वैयक्तिक भागधारक झाला. तिथे डेव्हिड सारनॉफ हा त्याचा दोस्त. सारनॉफची सेक्रेटरी मॅरियन मॅकइनिस हिच्यावर आपल्या हिरोचा जीव जडला. पठ्ठ्याने १९२३ मध्ये आरसीएच्या, वीस मजली इमारतीवरच्या अँटेना टॉवरच्या टोकावर चढून फोटो काढून घेतले आणि ते मॅरियनला पाठवले. सारनॉफ भडकला. शिवाय पॅरिसहून हिस्पानो-सुइझा ही त्या काळातली अतिशय वेगवान, महागडी गाडी आणली. त्याच वर्षी १ डिसेंबरला लग्न झालं आणि त्याच गाडीतून दोघं फ्लोरिडाला गेले. लग्नाची भेट काय, तर स्वतः बनवलेला, उचलून नेता येणारा पहिला सुपरहेट रेडिओ. वेगवान गाडी आणि तिच्यात सुपरहेट... दादा, तू शंभर वर्षं उशिरा आलास!

यानंतर तो रेडिओतल्या खरखरीच्या मागे लागला. विजा चमकल्या की एएम रेडिओ कडकडतो, कारण ती गडबड लहरीच्या उंचीत मिसळते. त्याने उंची सोडून फ्रीक्वेन्सीच बदलायची ठरवली, तीसुद्धा रुंद पट्ट्यात, जे तेव्हाच्या तज्ज्ञांना वेडेपणाचं वाटत होतं. २६ डिसेंबर १९३३ ला एफएमची पेटंट्स मिळाली. १९३५ मध्ये त्याने इंजिनिअरांच्या सभेत ग्लासात ओतलेल्या पाण्याचा, फाडलेल्या कागदाचा आवाज रेडिओवरून जसाच्या तसा ऐकवला.

पण आरसीएचा पैसा एएममध्ये गुंतलेला आणि लक्ष टीव्हीकडे. एम्पायर स्टेट बिल्डिंगमधून त्याला सामान हलवायला लावलं. त्याने स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीत अल्पाइन इथे चारशे फुटांहून उंच टॉवर बांधून १९३९ मध्ये स्टेशन सुरू केलं. १९४० मध्ये आरसीएने दहा लाख डॉलर्स एकरकमी देऊ केले. त्याला इतरांसारखी रॉयल्टी हवी होती, त्याने नाकारले. महायुद्धात सैन्याला मात्र एफएमची पेटंट्स फुकट वापरू दिली. १९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झला हलवला. आपण आज ऐकतो तोच हा पट्टा, पण त्या एका निर्णयाने लोकांच्या घरातले जुने एफएम सेट निकामी झाले आणि त्याची सगळी उभारणी पुन्हा शून्यावर आली.

१९४८ मध्ये त्याने आरसीएवर खटला भरला. कंपनीच्या वकिलांनी तो लांबवला. पेटंटची मुदत संपत आली, पैसा संपत आला. दिवसरात्र कागदपत्रं, तारखा, साक्षी. मॅरियन म्हणत होती, सोडून दे. १९५३ च्या नोव्हेंबरात याच विषयावर भांडण होऊन त्याने तिच्यावर हात टाकला आणि ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, घरात एकटा असताना, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आकृती नोटरी केली, त्याच तारखेला. बरोबर एकेचाळीस वर्षांनी.

पुढे खटले चालवले मॅरियनने. आरसीएने त्याच वर्षी सुमारे दहा लाख डॉलर्सवर तडजोड केली, जवळपास १९४० मधलीच रक्कम! बाकीच्या कंपन्यांशी ती लढत राहिली आणि १९६७ मध्ये शेवटचा खटलाही जिंकली. तो बरोबरच होता. फक्त ते ऐकायला तो नव्हता.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मोबाईलमध्ये सर्किटच्या कागदाचा तारखेसकट फोटो होता. तो मी गाईडना दाखवणार होतो. सकाळी उठलो, कँटीनमधून दोन कटिंग घेतले आणि पार्टनरच्या रूमवर गेलो. त्याच्याकडेही तसाच फोटो होता. दोघांनी बसून नीट पाहिलं, तर ते सर्किट जवळपास जसंच्या तसं मॉड्यूलच्या अँप्लिकेशन नोटमध्ये छापलेलं निघालं! दोघांनीही ते तिथेच बघितलं होतं आणि विसरलो होतो. एकोणीस दिवस फुकट गेले. रिपोर्टवर नावं रोल नंबरप्रमाणे टाकली आणि खाली त्या नोटचं नाव.

हक्कासाठी भांडू नये, असं मी म्हणत नाही. मॅरियन भांडली म्हणून तर न्याय मिळाला. पण भांडणाशिवाय आयुष्यात काहीच उरलं नाही की माणूस एकटा पडतो, आणि हॉस्टेलमध्ये असा एकटा पडलेला कोणी ना कोणी असतोच. दार वाजवायला दोन कटिंग पुरतात.

दादाचं म्हणाल तर, नुसत्या रेंजच्या आकड्यावर न जाता चांगलं फिल्टरिंग असलेला डबा घे, असं मी सांगितलं. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे, बाजूच्या गाड्यांचे सेन्सर, यांतले बरेच के बँडमध्येच बोलतात. स्वस्त डबा प्रत्येकाला पोलीस समजतो. त्याने तो आरशाशेजारी, समोर मोकळं दिसेल असा, रस्त्याला समांतर बसवला. वायर काचेच्या कडेने दाबून फ्यूज बॉक्सपर्यंत नेली, चावी फिरवली तरच करंट मिळेल अशा फ्यूजवर, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. आणि एक गंमत सांगितली: आतली लोकल ऑसिलेटरची लहर थोडी बाहेर गळते. बंदी असलेल्या ठिकाणी पोलीस तीच पकडून डबा शोधतात! तेव्हा व्हर्जिनियात जाताना काढून ठेव.

परवा त्याचा फोन आला. हडसनकाठच्या पॅलिसेड्स पार्कवेवरून जाताना झाडांच्या वर तीन आडवे हात पसरलेला एक जुना टॉवर दिसतो, तो कसला, असं विचारत होता. मी म्हटलं, अल्पाइन का? तर हो. २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर पडल्यावर न्यूयॉर्कच्या काही टीव्ही स्टेशन्सनी याच टॉवरवरून प्रक्षेपण केलं होतं, हेही सांगितलं. मग गाडी बाजूला घ्यायला लावून त्याला सगळी गोष्ट सांगितली. चांगला पाऊण तास. तेवढा वेळ डबा एकदाही वाजला नाही.