कोन दुभागून जे दोन हजार वर्षं जमलं नाही, ते १८ वर्षांच्या गाऊसने कसं जमवलं?

शाळेत कंपास आणि पट्टीने कोन दुभागला होता, आठवतंय? शिरोबिंदूवर कंपासचं टोक ठेवून दोन्ही भुजांना छेदणारा कंस काढायचा. त्या दोन छेदनबिंदूंवरून सारख्या त्रिज्येचे आणखी दोन कंस काढायचे. ते एकमेकांना छेदतात तो बिंदू शिरोबिंदूला जोडला की झाला कोनदुभाजक. दोन्हीकडचे त्रिकोण बाबाबा कसोटीने एकरूप, म्हणून दोन्ही कोन सारखे.

ही रचना युक्लिडच्या ग्रंथातही आहे. तिच्या जोरावर बरंच काही काढता येतं. वर्तुळातल्या समभुज त्रिकोणामुळे केंद्रापाशी १२० अंशांचे तीन कोन होतात. ते दुभागले की षटकोन, पुन्हा दुभागले की १२ बाजूंची आकृती. चौरसावरून ८ आणि १६, पंचकोनावरून १० आणि २०.

पण ७, ११, १३, १७ सारख्या बाजू? कोन कितीही वेळा दुभागा, तिथे पोहोचता येत नव्हतं. ग्रीकांनंतर जवळपास दोन हजार वर्षं या यादीत एकही नवी आकृती आली नाही.

मग आला कार्ल फ्रीडरिश गाऊस. जन्म ३० एप्रिल १७७७, जर्मनीतलं ब्रन्सविक. घरची परिस्थिती बेताची. आईला लिहिता येत नव्हतं. मुलाची जन्मतारीख तिने नोंदवलीच नव्हती. तो बुधवार होता आणि ईस्टरनंतरच्या एका सणाला आठ दिवस बाकी होते, एवढंच तिला आठवत होतं. ती तारीख गाऊसने मोठेपणी स्वतः गणिताने शोधली!

हुशार मुलगा म्हणून ब्रन्सविकच्या ड्यूकने त्याचा खर्च उचलला आणि १७९५ मध्ये तो गटिंगन विद्यापीठात गेला. पण पुढे करायचं काय? त्याला गणिताइतकीच प्राचीन भाषांचीही ओढ होती. निर्णय होत नव्हता.

तो झाला १७९६ च्या मार्चमध्ये. १७ सारख्या बाजूंची आकृती फक्त कंपास-पट्टीने काढता येते, हे त्याने सिद्ध केलं. तेव्हा वय १८!

कसं? त्याने कोन नाही, तर कोपरे दुभागले. एक कोपरा बाजूला ठेवला की उरतात १६. त्यांचे ८-८ चे दोन गट, मग ४, २ आणि शेवटी १. प्रत्येक पायरीला फक्त वर्गमूळ काढावं लागतं, आणि वर्गमूळाइतकी लांबी कंपास-पट्टीने काढता येते. ७ बाजूंमध्ये उरतात ६. त्यांचे निम्मे ३, आणि तिथेच गाडी अडते.

३० मार्चला त्याने नवी वही उघडली आणि पहिली नोंद याच शोधाची केली. भाषा मागे पडल्या, गणित पक्कं झालं.

१८०१ मध्ये संख्या सिद्धांतावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्याच्या शेवटच्या भागात हा शोध आहे आणि अर्पणपत्रिका ड्यूकच्या नावे. ७ बाजूंची आकृती अशी काढता येणार नाही, असंही गाऊस यांनी सांगितलं, पण त्याची सिद्धता छापली नाही. ती १८३७ मध्ये फ्रान्सच्या प्येर वान्त्सेल यांनी दिली. ६० अंशांच्या कोनाचे कंपास-पट्टीने तीन समान भाग होत नाहीत, हेही तेव्हाच सिद्ध झालं.

गाऊस १८५५ मध्ये गटिंगनमध्ये वारले. ब्रन्सविकमधल्या त्यांच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर आजही एक चांदणी दिसते. तिची टोकं मोजा, १७ भरतील.