मेहेरबाईंच्या नावाचा पैसा

आई-वडिलांचं वर्षश्राद्ध जवळ आलं की घरात हमखास विषय निघतो, त्यांच्या नावानं काहीतरी करायला हवं. कुणी म्हणतं, शाळेला पंखा देऊ, पात्यांवर पांढऱ्या रंगात नाव. कुणी म्हणतं, दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस ठेवू. महिला मंडळाच्या कामामुळे अशी मंडळी माझ्याकडे नेहमी येतात. मी त्यांना आधी रक्कम विचारत नाही. आईंना कशाची आवड होती, त्या कशासाठी भांडायच्या, ते विचारते. बरेचजण गप्पच होतात! मग मी त्यांना लेडी मेहेरबाई टाटांबद्दल सांगते.

मेहेरबाई म्हणजे जमशेदजी टाटांच्या थोरल्या सूनबाई, सर दोराबजींच्या पत्नी. बऱ्याच जणींना त्यांचं नाव ठाऊक असतं ते हिऱ्यामुळे. हिऱ्याकडे येतेच, पण आधी माहेराविषयी.

मेहेरबाईंचा जन्म १८७९ चा, मुंबईचा. वडील होर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी, त्यामुळे मेहेरबाई वाढल्या बंगळूरला. मुलीला शिकवायचं की नाही, हा प्रश्नच त्या घरात नव्हता. पुस्तकं होती, पियानो होता, मोकळेपणानं बोलायची सवय होती. भाभा कुटुंबाशी जमशेदजींची ओळख होती. दोराबजी कामानिमित्त म्हैसूरला निघाले, तेव्हा भाभांना जरूर भेट, असं त्यांनी मुलाला सांगून ठेवलं. जमशेदजींच्या मनात काय होतं, हे आपल्यासारख्या बायकांना वेगळं सांगायला नको! १४ फेब्रुवारी १८९८ ला लग्न झालं. नवरी अठरा वर्षांची, नवरदेव अडतीस.

वयात वीस वर्षांचं अंतर असूनही जोडी छान जमली. दोघांनाही खेळाचं वेड. दोराबजींनी तर पुढे १९२० साली आपल्या खेळाडूंना अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवण्यात पुढाकार घेतला. मेहेरबाई टेनिस खेळायच्या, त्याही साडी नेसून. हौस म्हणून दोन-चार चेंडू मारण्यापुरतं नाही, तर स्पर्धांत उतरून बक्षिसं मिळवायच्या. घोड्यावर बसायच्या, मोटार चालवायच्या. परदेशातसुद्धा त्यांनी साडी सोडली नाही. मला यातलं टेनिसपेक्षाही साडीचं अप्रूप जास्त वाटतं. इतकी वर्षं साडी नेसतेय, पण बस पकडायला धावताना निऱ्या सांभाळता सांभाळता पुरेवाट होते.

आता हिरा. दक्षिण आफ्रिकेतल्या जागर्सफाँटेन खाणीत १८९५ साली एक प्रचंड हिरा सापडला. पैलू पाडल्यावर तो २४५ कॅरटचा भरला, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला १८९७ साली साठ वर्षं झाली, म्हणून त्याचं नाव पडलं ज्युबिली. दोराबजींनी तो बायकोसाठी विकत घेतला. मेहेरबाई तो प्लॅटिनमच्या साखळीत ओवून खास प्रसंगी घालत.

१९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना अडचणीत आला. महायुद्धानंतर कारखान्याचा पसारा वाढवला होता आणि त्याच सुमाराला पोलादाचे भाव कोसळले. कामगारांचे पगार द्यायलाही पैसे नव्हते. दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपयांचं कर्ज उभं केलं. त्या तारणात मेहेरबाईंचे दागिने होते आणि ज्युबिलीसुद्धा होता. कारखाना तरला.

घरच्या धंद्यासाठी पाटल्या गहाण पडणं आपल्याला काही नवं नाही. आपल्या आज्यांनी, आयांनी ते मुकाट्यानं केलंय. पण बाई कितीही श्रीमंत असो, दागिना हा तिचा शेवटचा आधार असतो, आणि तो हातचा जातो तेव्हा पोटात खड्डा पडतोच. म्हणून या गोष्टीत फक्त दोराबजींचं कौतुक होतं, ते मला पुरेसं वाटत नाही.

मेहेरबाईंचं खरं काम होतं बायकांसाठी. मुलींचं शिक्षण, मताचा हक्क, पडदा जाणं, अस्पृश्यता जाणं, या सगळ्यासाठी त्या बोलत राहिल्या. १९२५ साली नॅशनल कौन्सिल ऑफ विमेन इन इंडिया ही संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. १९२७ साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावात, त्यांनी हिंदुस्थानातल्या बालविवाहांवर आणि त्याविरुद्ध येऊ घातलेल्या कायद्याच्या बाजूनं भाषण केलं. तो कायदा १९२९ साली झाला, आपण त्याला शारदा कायदा म्हणून ओळखतो. मुलीच्या लग्नाचं वय तेव्हा चौदा ठरलं. आज चौदा ऐकून अंगावर काटा येतो, पण त्या काळी तेवढ्यासाठीही आकाशपाताळ एक करावं लागलं.

एक गोष्ट मात्र खरी. त्या काळच्या या महिला परिषदांत राण्या, महाराण्या आणि सरकारी साहेबांच्या मडमा यांचीच गर्दी असायची. चाळीतली किंवा शेतातली बाई तिथे फारशी दिसायची नाही. मेहेरबाईही त्याच वर्तुळातल्या. पण त्या वर्तुळात नुसतं मिरवता आलं असतं, तिथे त्यांनी लग्नाच्या वयासारखा विषय धरून ठेवला, आणि त्यासाठी परदेशातल्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या. ही त्यांची कमाई मी मोठी मानते.

१९३१ साली त्या इंग्लंडला गेल्या असताना आजार बळावला. वेल्समधल्या रुथिन गावच्या शुश्रूषागृहात १८ जूनला त्या गेल्या. वय अवघं ५१. आजार होता ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. लहान मुलांमधला हा आजार औषधानं काही काळ तरी मागे हटू शकतो, हे अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांनी दाखवलं ते १९४८ साली. त्यासाठी लागणारी औषधं तयार करण्यामागे आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. म्हणजे मेहेरबाईंच्या वेळी जगातला सगळा पैसा ओतला असता तरी काही होणार नव्हतं. लंडनजवळच्या ब्रुकवुड इथल्या पारशी दफनभूमीत त्यांना ठेवलं.

दोराबजी एकाहत्तरीचे, मूलबाळ नाही, तब्येत ढासळलेली. अशा माणसानं काय केलं असतं? संगमरवरी पुतळा उभारला असता, रस्त्याला नाव दिलं असतं. त्यांनी बायकोच्या नावाचे दोन निधी उभे केले, आणि ते कसे बांधले हे नीट पाहण्यासारखं आहे.

पहिला, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट, एप्रिल १९३२ चा. हा तिच्या मरणाशी जोडलेला. उत्पन्नाचे पाच भाग करायचे. चार भाग जगभरात कुठेही ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांना द्यायचे आणि एक भाग भारतात माणसाचं दुखणं हलकं करणाऱ्या विज्ञान-संशोधनाला. कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, हे विचारायचं नाही. गेलेली बाई परत येणार नव्हती. पैसा जाणार होता प्रयोगशाळेतल्या अनोळखी तरुण मुलामुलींना, ज्या आजारावर औषधच नव्हतं त्याचा शोध घ्यायला.

दुसरा निधी तिच्या जगण्याशी जोडलेला, लेडी मेहेरबाई डी. टाटा एज्युकेशन ट्रस्ट. त्यात लोकांनी दिलेल्या वर्गणीचाही वाटा होता. बायकांना आरोग्य, स्वच्छता, शिक्षण, समाजसेवा यांचं रीतसर शिक्षण मिळावं, हा त्याचा हेतू. पदवी झालेल्या कितीतरी मुली या शिष्यवृत्तीवर परदेशी जाऊन समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य असे विषय शिकून आल्या.

मला हा दुसरा निधी जास्त जवळचा वाटतो. आम्ही बी.ए. झालेल्या बायका पदर खोचून कामाला लागतो. मनात कळकळ असते, पण घरातल्या मारहाणीची केस आली की कायदा, समुपदेशन, सरकारी योजना यांची शिस्तशीर माहिती लागते. नुसत्या कळकळीवर भागत नाही. सेवेलाही शिक्षण लागतं, ही गोष्ट आपल्या समाजाला अजून पुरती पटलेली नाही. ती १९३० च्या दशकात एका बाईच्या स्मारकात लिहून ठेवली गेली, याचं मला फार नवल वाटतं.

दोराबजींनी मार्च १९३२ मध्येच आपली जवळजवळ सगळी संपत्ती स्वतःच्या नावाच्या ट्रस्टला देऊन टाकली होती. ज्युबिली हिरासुद्धा त्यातच गेला आणि पुढे विकला गेला. त्याच वर्षी ३ जूनला जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे ते वारले. बायकोच्या पहिल्या वर्षाला तिच्या समाधीवर जायला म्हणून निघाले होते, पण पोचले नाहीत. त्यांनाही नंतर ब्रुकवुडलाच, तिच्याशेजारी ठेवलं.

त्यांच्या ट्रस्टमधून १९३६ साली मुंबईत समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ चं. मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा होमी भाभा. त्यानं १९४४ साली याच ट्रस्टला पत्र लिहून विज्ञान-संशोधनासाठी मदत मागितली आणि पुढच्या वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ट्रस्टचा हेतू एका खिळ्याला टांगून ठेवलेला नव्हता, म्हणून हे सगळं जमलं.

आता आपल्या दहा हजारांच्या निधीकडे येऊ. तुम्ही म्हणाल, कुठे टाटा आणि कुठे आपण! पण खाचाखोचा त्याच असतात. १९९० च्या दशकात दहा हजारांच्या ठेवीवर बारा टक्क्यांनी वर्षाला बाराशे रुपये व्याज यायचं. दर निम्म्यावर आला की सहाशे येतात, आणि दप्तराची किंमत मात्र कितीतरी पटींनी वाढलेली असते. देणारे तेव्हाच्या व्याजावर हिशोब मांडतात आणि लिहून ठेवतात, दरवर्षी अमुक मुलीला अमुक वस्तू. दुसरी अडचण शब्दांची. एका शाळेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी बक्षीस ठेवलेलं होतं. पुढे तिथे संस्कृत बंद झालं. पैसे खात्यात पडून राहिले, कारण कागदावर दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं. देणारी बाई हयात नव्हती, मुलगा परदेशात. शाळा तरी काय करणार?

म्हणून मी सांगते, हेतू लिहा पण त्याच्यापुढे एक ओळ वाढवा, की हे शक्य नसेल तेव्हा शाळेनं मुलींच्या शिक्षणासाठी योग्य वाटेल तसं वापरावं. आणि पहिल्या नंबरवालीलाच का द्यायचं? तिला दहा ठिकाणांहून बक्षिसं मिळतात. आईंना गाण्याची आवड होती, तर सुट्टीत महिनाभर पेटी-तबल्याचा वर्ग चालवा. त्या हिशोबात पक्क्या होत्या, तर गणिताच्या शिबिराला खेड्यातून येणाऱ्या मुलींचं एस.टी.चं भाडं द्या. एकट्याच्या पैशात होत नसेल तर चार घरांनी मिळून करा. शिबिर एक, नावं चार. कुणाचं नाव वर लिहायचं, यावर भांडणं होतात, तीही मी सोडवली आहेत. अकारविल्हे लावायची, झालं!

मेहेरबाईंचं नाव मात्र अशा ठिकाणी पोचलं आहे, जिथे त्यांना ओळखणारं कुणीच नाही. युरोपातल्या प्रयोगशाळांमधून ल्युकेमियावरचे शोधनिबंध निघतात. त्यातल्या काहींच्या शेवटी बारीक अक्षरात आभार असतात, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचे. ही लेडी टाटा कोण, हे लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसतं.