कॉलिन चॅपमन : हलकेपणाची किंमत

मोटार विकत घेणारा मनुष्य इंजिनाची ताकद विचारतो, इंधनाचा खप विचारतो, आत किती माणसे बसतील तेही विचारतो. गाडीचे वजन किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या एका प्रश्नात दडलेली असतात. ब्रिटनमध्ये एका अभियंत्याने हा प्रश्न आयुष्यभर विचारला, त्यावर एक उद्योग उभारला, शर्यतींच्या जगात सात वेळा निर्मात्यांचे विश्वविजेतेपद मिळविले आणि अखेरीस संशयाच्या गडद सावलीत जगाचा निरोप घेतला. कॉलिन चॅपमन हे त्यांचे नाव. छोट्या, हलक्या स्पोर्ट्स मोटारीची आज जी कल्पना आपल्या डोळ्यांसमोर येते, ती बव्हंशी त्यांनी घडविली. ज्यांना अशा गाडीत बसण्याचा योग कधी येणार नाही, त्यांनीही हे चरित्र समजून घ्यावे असे आहे. कारण काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हा त्याचा खरा विषय आहे.

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडननजीक रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्नसी भागात हॉटेल चालवीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी स्थापत्यातील संरचना-अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवावयास शिकले. या दोन्ही शिक्षणांचा संस्कार एकच होता. पूल असो वा विमान, कमीत कमी साहित्यात अपेक्षित भार पेलून दाखविणे यातच अभियंत्याचे कौशल्य. जो भाग भार वाहत नाही तो तेथे असण्याचे कारण नाही.

विद्यार्थिदशेतच ते जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करू लागले होते. युद्धोत्तर टंचाईच्या काळात हा धंदा बरा चालला. परंतु १९४७ च्या उत्तरार्धात सरकारने खाजगी मोटारींचा मूळ पेट्रोल कोटा रद्द करताच बाजार कोसळला. मिळालेला नफा बुडाला आणि एक जुनी ऑस्टिन सेव्हन गाडी न विकता हाती राहिली. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही त्याचे करावयाचे काय? हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या घरामागील गॅरेजमध्ये त्यांनी ती गाडी सोडविली आणि १९४८ मध्ये तिच्यावर स्वतःच्या कल्पनेची नवी काया चढविली. लोटस, म्हणजे कमळ, या नावाची ही पहिली गाडी. हेझल पुढे त्यांच्या पत्नी झाल्या व उद्योगातही त्यांच्या भागीदार राहिल्या. १९४९ मध्ये राहिलेला गणिताचा पेपर देऊन चॅपमन यांनी पदवी मिळविली, काही काळ ॲल्युमिनियमच्या एका कंपनीत नोकरी केली आणि १९५२ च्या आरंभी वडिलांच्या हॉटेलामागील तबेल्यात लोटस इंजिनिअरिंगची स्थापना केली.

कराने जन्माला घातलेला उद्योग

या छोट्या कारखान्याला पायावर उभे करण्यात ब्रिटिश करपद्धतीचा वाटा मोठा होता. त्या काळी तयार मोटारीवर जबर खरेदी कर लागे. सुट्या भागांच्या रूपाने घेतलेल्या आणि गिऱ्हाइकाने स्वतः जोडलेल्या गाडीवर मात्र तो लागत नसे. चॅपमन यांनी हे छिद्र अचूक हेरले. बारीक नळ्यांच्या सांगाड्याची मार्क सहा ही त्यांची गाडी सुट्या भागांतच विकली गेली. जोडणीच्या सूचना दिल्यास सवलत जाण्याची भीती होती. म्हणून लोटसतर्फे गाडी सोडविण्याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या क्रमाने वाचाव्यात, अशी आख्यायिका सांगितली जाते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे गिऱ्हाईक हाच कारखान्याचा शेवटचा कामगार बनला होता. त्याच्या श्रमांवर कर नव्हता आणि त्याला वेतनही द्यावे लागत नव्हते. भांडवल तुटपुंजे असलेल्या उद्योजकाला याहून सोयीची व्यवस्था कोणती? सरकारचा हेतू महसुलाचा आणि उपभोगाला आळा घालण्याचा होता. निष्पन्न झाला तो छोट्या गाड्यांचा एक नवा धंदा.

१९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन ही याच व्यवस्थेची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, बाजारात सहज मिळणारे साधे इंजिन आणि दोन माणसांपुरती जागा, यापलीकडे तिच्यात फारसे काही नव्हते. ती घेणाऱ्यास काय सोडावे लागे त्याची यादी मोठी होती. आरंभीच्या गाडीला दारे नव्हती, आत शिरावयाचे ते कठडा ओलांडून. टप नावापुरता, सामानाची जागा पिशवीपुरती, पाऊस आणि धूळ यांना मुक्तद्वार. तरीही कारागिराच्या अथवा तरुण अभियंत्याच्या आवाक्यातील ही गाडी सोमवारी त्याला कामावर नेई आणि रविवारी शर्यतीत उतरे. स्वतःच्या हातांनी जोडल्यामुळे तिचा प्रत्येक स्क्रू मालकाच्या परिचयाचा असे आणि बिघाड झाल्यास मेकॅनिककडे धाव घ्यावी लागत नसे.

वजनाचे गणित

हलकेपणाचा आग्रह हा चॅपमन यांचा केवळ छंद नव्हता. त्यामागे साधे गणित होते. इंजिनाची ताकद वाढविली तर सरळ रस्त्यावर गाडी वेगाने जाते, एवढाच लाभ. वजन घटविले तर गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते, वळणावर कमी रेटली जाते आणि टायर, ब्रेक व इंधन या सर्वांचा खर्च उतरतो. शिवाय वजन वजनाला वाढविते. जड गाडीला मोठे इंजिन लागते, मोठ्या इंजिनाला भक्कम सांगाडा लागतो, त्याला मोठे ब्रेक व जाड टायर लागतात आणि त्या सर्वांचा भार पुन्हा इंजिनावर पडतो. हलकेपणाच्या दिशेने हेच चक्र उलटे फिरते.

हे साधण्याची त्यांची युक्ती एकच होती : एका भागाकडून दोन कामे करून घेणे. १९५७ च्याच लंडन प्रदर्शनात मांडलेल्या एलिट या गाडीला वेगळा सांगाडाच नव्हता. फायबरग्लासची काया हीच भार पेलणारी रचना होती. तिच्या मागील चाकांना ताकद पोहोचविणारे दांडे त्या चाकांना जागेवर धरण्याचेही काम करीत. तिची रेखीव आकृती काढण्यात पुढाकार होता तो पीटर कर्वान-टेलर या व्यवसायाने हिशेबनीस असलेल्या मित्राचा. ती हवा सहजतेने कापी आणि ल माँच्या शर्यतीत आपल्या वर्गात वारंवार जिंकली. पण आत आवाज घुमे, दाराच्या वक्र आकारामुळे काच खाली सरकत नसे, ती चक्क काढून ठेवावी लागे. शिवाय ती तयार करण्याचा खर्च इतका होता की प्रत्येक विक्रीगणिक कंपनीला तोटाच झाला, असे मानले जाते.

त्या अनुभवातून १९६२ ची एलान आली. पाठीच्या कण्यासारखा पोलादी पत्र्याचा एकच सांगाडा, त्यावर फायबरग्लासची हलकी काया, फोर्डच्या इंजिनावर लोटसचे दुहेरी कॅमशाफ्टचे डोके आणि एकूण वजन सातशे किलोच्या आत. सुट्या भागांत ती सुमारे ११०० पौंडांना मिळे, तयार घेतल्यास करासह सुमारे १५०० पौंडांना.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये स्पोर्ट्स मोटार निवडणाऱ्यापुढे खरा पेच होता. एमजीबी ही गाडी त्याच वर्षी आली. ती किमतीने बरीच स्वस्त, वजनाने दोन-सव्वादोनशे किलो अधिक, परंतु मजबूत आणि गावोगावी दुरुस्त होणारी. एलान वळणावळणाच्या रस्त्यावर तिला सहज मागे टाकी. पण तिच्याबरोबर नांदावयाचे तर मालकाला लक्ष आणि संयम दोन्ही खर्चावे लागत. मागील चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांत रबरी जोड होते. क्लच जरा घाईने सोडला की ते पिळवटत आणि गाडी हिसके देई. काही काळाने ते फाटत व बदलावे लागत. पुढचे दिवे निर्वात पोकळीच्या जोरावर वर येत आणि त्या पोकळीसाठी वेगळी टाकी न देता सांगाड्याच्या पुढील आडव्या पोकळ भागालाच टाकी बनविले होते. एका भागाकडून दोन कामे ती ही. कालांतराने तो भाग गंजून त्यातून हवा शिरू लागली की भरधाव गाडीचे दिवे हळूच मिटू लागत. फायबरग्लास गंजत नाही, म्हणून काया तुकतुकीत आणि आतला कणा मात्र पोखरलेला, असेही घडे. जुनी एलान घेणारा जाणता मनुष्य रंगापेक्षा सांगाडा आधी तपासतो तो यामुळेच. इतके असूनही ज्यांनी ती चालविली त्यांतील अनेकांना दुसरी गाडी रुचेना.

विजय आणि त्यांचे मोल

शर्यतींच्या मैदानावर याच विचाराने क्रांती केली. १९६२ च्या लोटस पंचवीसने नळ्यांचा सांगाडा टाकून देऊन पत्र्याची बंदिस्त काया फॉर्म्युला वनमध्ये रूढ केली. तिच्यासह जिम क्लार्क १९६३ मध्ये विश्वविजेते झाले. १९६५ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवून त्यांनी त्याच वर्षी अमेरिकेतील इंडियानापोलिसची शर्यतही जिंकली. १९६७ च्या लोटस एकोणपन्नासमध्ये तर इंजिनच सांगाड्याचा मागील भाग बनले. विजयाची रेषा ओलांडणाऱ्या आपल्या गाडीला पाहून काळी टोपी हवेत भिरकावणारे चॅपमन हे त्या काळातील ओळखीचे दृश्य होते. १९६८ मध्ये तंबाखूच्या कंपनीचे रंग गाडीवर चढवून त्यांनी शर्यतींच्या अर्थकारणालाही नवे, आणि सर्वस्वी निर्दोष म्हणता न येणारे, वळण दिले.

परंतु या वैभवाच्या खतावणीला दुसरी बाजू आहे. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागील चाक निखळले व ते जबर जखमी झाले. त्याच दिवशी मायकेल टेलर यांच्या लोटसचे सुकाणूच तुटले. योखेन रिंट यांनी १९६९ मध्ये गाड्यांच्या नाजूकपणाबद्दलची आपली चिंता चॅपमन यांना पत्राने कळविली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथील सरावात त्यांच्या गाडीच्या पुढील ब्रेकचा दांडा तुटला आणि ते मृत्युमुखी पडले. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. रस्त्याकडेचे कठडे नीट बसविलेले नव्हते, म्हणून तो आघात प्राणघातक ठरला, हे चौकशीत पुढे आले आणि ते नमूद केलेच पाहिजे. त्या काळी सर्वच संघांचे चालक मरत होते, हेही खरे. तथापि, भाग तुटण्याच्या सीमेपर्यंत तासावयाचा, त्याचा लाभ संघाला मिळावयाचा आणि हिशेब चुकल्यास मोल मात्र आत बसलेल्याने मोजावयाचे, ही विभागणी न्याय्य नव्हती. ज्याने जोखीम पत्करली त्याला ती किती आहे हे ठाऊक असावे आणि नाकारण्याची मुभा असावी, ही किमान अट आहे.

हिशेबातील हलकेपणा

१ एप्रिल १९७३ रोजी ब्रिटनमध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि घरी जोडावयाच्या गाडीचा मोठा लाभ संपला. त्याच वर्षी चॅपमन यांनी सेव्हनचे हक्क केटरहॅम येथील विक्रेत्यांना देऊन टाकले आणि एलानचेही उत्पादन थांबविले. नॉरफोकमधील हेथेलच्या जुन्या विमानतळावर १९६६ मध्ये हललेला कारखाना आता महागड्या गाड्यांकडे वळला. परंतु त्या वर्गात विक्री रोडावली आणि पैशाची चणचण भासू लागली.

याच सुमारास, १९७८ मध्ये, जॉन डीलोरियन यांची मोटार तयार करून देण्याचे कंत्राट लोटसने घेतले. बेलफास्टजवळील त्या कारखान्यात ब्रिटिश सरकारचे कोट्यवधी पौंड गुंतले होते आणि बेकारीने ग्रासलेल्या त्या प्रदेशाची आशाही. १९८२ मध्ये कारखाना बुडाला. विकासकार्यासाठी म्हणून पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत दिलेले एक कोटी सत्तर लाखांहून अधिक डॉलर त्या कामी लागलेच नव्हते, हे पुढे उघड झाले. चौकशी रंगात येण्याआधीच, १६ डिसेंबर १९८२ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन वारले. तेव्हा ते अवघे ५४ वर्षांचे होते. त्यांच्यावर खटला चालला नाही. त्यांचे आर्थिक सहकारी फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि चॅपमन हयात असते तर त्यांना याहून कितीतरी मोठी शिक्षा भोगावी लागली असती, असे न्यायाधीशांनी सुचविले.

कायद्यातील छिद्राचा उघड लाभ घेणे आणि जनतेचा पैसा गुपचूप वळविणे या दोहोंत मूलभूत अंतर आहे. पहिले चातुर्य होते. दुसरा गुन्हा होता. पहिल्यातून दुसरे अटळपणे निघते असे नाही. पण नियम म्हणजे केवळ चुकविण्याजोगा अडथळा, अशी मनाची धाटणी एकदा बनली की मधली रेघ पुसट होत जाते.

त्यांचा वारसा मात्र टिकला. जपानच्या माझ्दा कंपनीने एलानचा कित्ता समोर ठेवून १९८९ मध्ये एमएक्स-५ ही गाडी काढली. तिच्यात हलकेपणाची मजा होती आणि मालकाला छळणारे दोष नव्हते. २०१६ मध्ये तिचे उत्पादन दहा लाखांवर गेले. एलानचा खरा लाभ दुसऱ्याच देशाने पदरात पाडून घेतला, तो भाग तुटू नये याची काळजी घेऊन. लोटस कंपनीने १९९६ मध्ये सुमारे सव्वासातशे किलोची एलीझ आणून जुन्या व्रताची आठवण दिली. परंतु १९८६ पासून अनेक हात बदललेल्या आणि आता चिनी मालकीच्या याच कंपनीने अलीकडे सुमारे अडीच टनांची विजेवरील मोटारही बाजारात आणली आहे.

ही केवळ एका कंपनीची गोष्ट नाही. जगभर मोटारी फुगत चालल्या आहेत. टक्कर झाली तर जड गाडीतील माणूस तुलनेने सुरक्षित राहतो आणि हलक्या गाडीतल्याची हानी होते. त्यामुळे शेजाऱ्याने जड गाडी घेतली की आपणही जडच घ्यावी, असे प्रत्येकाला वाटते आणि व्यक्तीच्या सुज्ञ निवडीतून समाजाचा तोटा निपजतो. इंधन, रस्ते, पादचाऱ्यांचे जीव, साऱ्यांवर तो भार पडतो. वजनावर कर आकारण्याचा विचार म्हणूनच गंभीरपणे झाला पाहिजे. कराने एकदा हलकी मोटार जन्माला घातली होती. ते पुन्हा घडू शकेल. मात्र त्या वेळी मोंझाची आठवण ठेवावी लागेल. अनावश्यक ते काढून टाकण्याचा चॅपमन यांचा धडा मोलाचा आहे. दुसऱ्याच्या सुरक्षिततेला आणि जनतेला द्यावयाच्या हिशेबाला त्या अनावश्यकाच्या यादीत कधीही स्थान असता कामा नये.