रुपयाचा प्रश्न आणि बाबासाहेब

परमपूज्य बाबासाहेब घटनाकार म्हणून आपल्या घराघरांत आहेत. पण रुपयावरचा त्यांचा ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी पाहिला? १९२३ साली लंडनची डी.एस्सी. त्यांना मिळाली ती याच विषयावर.

इंग्रज सरकारची सारी धडपड रुपयाची हुंडणावळ बांधून ठेवण्याची. १९२० मध्ये दोन शिलिंगांचा भाव ठरविला, तो टिकला नाही. केन्ससारखे पंडितही पौंडाला रुपया जोडण्याच्या बाजूचे. बाबासाहेबांनी दुखण्याचे मूळ दाखविले : सरकार हवे तेवढे रुपये पाडते, म्हणून देशात महागाई होते आणि मग हुंडणावळही ढासळते. तेव्हा आधी रुपये पाडणेच बंद करा, असा त्यांचा आग्रह.

रुपया घसरला की परदेशी माल धाडणाऱ्या व्यापाऱ्याला नफा होतो. तो येतो कोठून? धान्य महागते, मजुरी मात्र तितकी वाढत नाही. म्हणजे तो नफा मजुराच्या ताटातलाच! हे आपण नीट समजून घ्यावे.

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. चलनात सोन्याचे नाणे आणा, असेही सुचविले. १९२७ च्या कायद्याने सरकारने हुंडणावळ तेवढी बांधली, एक शिलिंग सहा पेन्सांवर. सोन्याचे नाणे काही आले नाही.