कमाटीबाग आणि महाराजा सयाजीराव



सहलीचा विषय निघाला की आपल्या वडोदऱ्यात दोन नावे आधी पुढे येतात, कमाटीबाग आणि आजवा. या दोन्ही जागांचा संबंध एकाच जीवनाशी आहे, ते म्हणजे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात काशीराव गायकवाड यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. नाव गोपाळराव. घर शेतीवाडीचे. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर केले. त्यानंतर खंडेराव महाराजांच्या पत्नी महाराणी जमनाबाईसाहेबांनी २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांना दत्तक घेतले. बारा वर्षांच्या या मुलाचे खरे शिक्षण राजवाड्यात आल्यावरच सुरू झाले. उशिरा मिळालेल्या या शिक्षणाचे मोल त्यांना जन्मभर वाटत राहिले.

महाराज लहान असताना कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. त्याच काळात, १८७९ मध्ये, विश्वामित्रीच्या काठी सुमारे ११३ एकरांत कमाटीबाग तयार झाली. राजवाड्यांना स्वतःच्या बागा असतातच, पण ही बाग रयतेसाठी होती. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि पुढे त्यांनी या बागेला शाळेचेच रूप दिले.

तरुणपणीच त्यांच्यावर दुःख कोसळले. १८८५ मध्ये पत्नी चिमणाबाई (पहिल्या) यांचे निधन झाले. स्वतःची प्रकृतीही ढासळली. हवापालटासाठी १८८७ पासून त्यांनी युरोपचे प्रवास केले. तेथील ग्रंथालये, संग्रहालये आणि बागा त्यांनी अभ्यासू नजरेने पाहिल्या. १८९४ मध्ये कमाटीबागेतील म्युझियम लोकांसाठी खुले झाले. बागांच्या कामासाठी त्यांनी क्रुम्बीगल या जर्मन वनस्पतितज्ज्ञांना नेमले. हेच क्रुम्बीगल पुढे बंगळूरच्या लालबागेमुळे प्रसिद्ध झाले. म्युझियमशेजारच्या चित्रसंग्रहालयाची इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण महायुद्धामुळे युरोपातील चित्रे यायला उशीर झाला आणि ते १९२१ मध्ये उघडले.

आजव्याचा तलाव १८८५ ते १८९२ या काळात बांधला गेला, तो शहराला नळाने शुद्ध पाणी मिळावे म्हणून. सहलीची जागा तो नंतर झाला.

याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन केले. पुस्तक, चित्र, झाड आणि पाणी या सर्व गोष्टी गरिबाच्या मुलालाही मिळाल्या पाहिजेत, हेच या कामांमधून दिसते. बागेजवळचा १९०७ चा त्यांचा अश्वारूढ पुतळा लोकांनी आपलासा केला आणि त्याला नाव दिले ‘काळा घोडा’!

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. १९४९ मध्ये बडोदा राज्य विलीन झाले. आज कमाटीबाग महानगरपालिकेकडे आहे, म्हणजेच ती आपल्या सर्वांची आहे.

पालकहो, ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, हे आपण विसरलेलो नाही. नदीकाठची मोकळी जमीन आणि झाडे पाणी मुरवतात, पुराला पसरायला जागा देतात. अशी जमीन एकदा बांधकामाखाली गेली की परत मिळत नाही. म्हणून बाग राखणे हे केवळ शोभेचे काम नाही.

मुलांनो, पुढच्या सहलीला डबा खाऊन झाल्यावर आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणा. फांदी तोडू नका. एका झाडाचे तरी नाव विचारून घ्या आणि घरी येऊन आजी-आजोबांना सांगा. महाराजांना आपल्याकडून याहून मोठी आदरांजली कोणती?

– प्राचार्य