श्वासाचे मोल

माळव्यात देवास नावाचे एक गाव आहे. गावाला लागून टेकडी आहे आणि टेकडीवर देवीचे स्थान आहे. कोरड्या, स्वच्छ हवेसाठी हा प्रदेश प्रसिद्ध आहे. इ. स. १९४८ च्या आरंभी एक तरुण गायक मुंबई सोडून पत्नीसह येथे राहावयास आला. पण तो गाण्यासाठी आला नव्हता. गाणे त्याला वर्ज्य झाले होते. या गायकाचे नाव कुमार गंधर्व.

त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गात असत. शिवपुत्राची ग्रहणशक्ती विलक्षण होती. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा बालक त्यांतील गाणे जसेच्या तसे गाऊन दाखवी. तो अवघा सात वर्षांचा असताना एका मठाधिपतींनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्यास 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली. पुढे तेच त्यांचे नाव झाले. मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्यापाशी त्यांचे रीतसर शिक्षण झाले आणि विशीतच त्यांची कीर्ती देशभर पसरली.

१९४७ साली भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सारे काही सुरळीत चालले असता अकस्मात आजाराने त्यांना गाठले. तो क्षयरोग होता. रोगाने फुप्फुसांतच घर केले होते. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आणि गाण्यास सक्त मनाई केली. ज्याचे सारे जीवित गाण्यात, त्यास याहून कठोर शिक्षा ती कोणती?

गवयाची वाहवा होते ती त्याच्या गळ्याची. त्याच्या फुप्फुसांची आठवण कोणासही होत नाही. परंतु स्वर निघतो तो फुप्फुसांतून येणाऱ्या हवेवर. छातीच्या पिंजऱ्यात ही दोन फुप्फुसे रात्रंदिवस हलत असतात. एका साध्या श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत येते आणि दिवसाकाठी असे वीस हजारांच्या आसपास श्वास आपण घेतो. आपण झोपलो तरी त्यांचे काम थांबत नाही. इतकी मुकाट सेवा करणाऱ्या या अवयवांकडे आपले लक्ष जाते ते बहुधा त्यांस इजा झाल्यावरच.

कुमारांची काही वर्षे अंथरुणावर गेली. भानुमतींनी नोकरी करून संसार सांभाळला आणि अहोरात्र पतीची शुश्रूषा केली. गळ्यास बंदी होती, कानांस मात्र नव्हती. घराजवळून जाणाऱ्या स्त्रियांची लोकगीते आणि भटक्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडत. पडल्यापडल्या ते सारे ते एकाग्रतेने ऐकू लागले. त्या साध्या धुनांतच रागांचे मूळ आहे, हे त्यांना हळूहळू उमगले. आजारीपणाचा तो काळ असा अभ्यासाचा काळ ठरला.

सुदैवाने विज्ञान साहाय्यास धावून आले. १९४३ साली अमेरिकेत 'स्ट्रेप्टोमायसिन' या औषधाचा शोध लागला होता. तोपर्यंत क्षयावर खात्रीचे औषधच नव्हते. हे नवे औषध भारतात येऊ लागले आणि कुमारांचे प्राण वाचले. तथापि एक फुप्फुस कायमचे निकामी झाले.

आता गावयाचे ते उरलेल्या एका फुप्फुसाच्या बळावर. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. दीर्घ, अखंड ताना घेणे पूर्वीसारखे शक्य नव्हते. त्यांनी त्याचे दुःख करीत न बसता आपल्या श्वासाचे माप नीट ओळखले. लहान लहान स्वरसमूह, मध्येच क्षणभर शांतता आणि मग एकदम उंच लागलेला तेजस्वी स्वर, अशी त्यांची स्वतःची गायकी घडली. एकही श्वास ते वाया जाऊ देत नसत. जे उणे होते त्यातूनच नवे सौंदर्य निर्माण झाले.

पुढे त्यांनी लोकधुनांतून नवे राग रचले, कबीराची भजने घरोघरी पोहोचविली आणि 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ सिद्ध केला. भारत सरकारने १९७७ साली 'पद्मभूषण' व १९९० साली 'पद्मविभूषण' देऊन त्यांचा गौरव केला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच त्यांचे निधन झाले.

आज क्षयरोग वेळीच ओळखून नियमित औषधे घेतल्यास बरा होतो. परंतु अंगी असलेल्या बळाचे मोल ओळखण्याचे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही. कुमार गंधर्वांनी ते मोल ओळखले आणि एका फुप्फुसाच्या श्वासावर सुमारे चाळीस वर्षे रसिकांना तृप्त केले.