ज्यांच्या हाती सोपवले



प्रायश्चित्तकाळात आपण दरवर्षी यहुदाची कथा ऐकतो. शत्रू आपल्यावर हल्ला करू शकतो, आपल्याला लुटू शकतो. पण विश्वासघात करू शकत नाही. त्यासाठी आधी विश्वास असावा लागतो. यहुदा प्रभूच्या बारा शिष्यांपैकी एक होता. आज आपल्या इतिहासातील अशाच एका व्यक्तीचे जीवन पाहू या. ती व्यक्ती म्हणजे रघुनाथराव पेशवे, अर्थात राघोबादादा.

थोरल्या बाजीरावांचे हे पुत्र १७३४ साली जन्मले. ते पराक्रमी होते. १७५८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजांनी लाहोर घेतले. पुढे १७६१ मध्ये पानिपतचा पराभव झाला, आणि पेशवेपद सोळा वर्षांच्या पुतण्याकडे, माधवरावांकडे गेले. दादांच्या मनात सल राहिला. तंटे झाले, लढाया झाल्या, शेवटी कैद वाट्याला आली. १७७२ साली क्षयाने खंगलेल्या माधवरावांनी थेऊरला मृत्यूपूर्वी काकांशी समेट केला आणि धाकट्या नारायणरावांना त्यांच्या हाती सोपवले.

नारायणरावांशीही बिनसले आणि दादा पुन्हा शनिवारवाड्यात कैदेत पडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा पुतण्या जिवाच्या भीतीने काकांच्याच दालनात धावला आणि त्यांना बिलगला. तिथेच त्याला ठार मारण्यात आले.

दादांचा हुकूम पुतण्याला धरण्याचा होता आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, असे लोक सांगत आले आहेत. ते खरे असो वा नसो. नुसते धरायचे, असे ज्या क्षणी ठरले, त्याच क्षणी विश्वास मोडला होता. मोठे पाप बहुधा असेच लहान होऊन घरात शिरते.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, दादांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. दादांनी मात्र गादी सोडली नाही. आपल्या जिल्ह्यातील वेळास हे ज्यांचे मूळ गाव, ते नाना फडणवीस आणि इतर कारभारी विरोधात उभे राहिले, तेव्हा दादा इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. दादांच्या हाती उरले ते फक्त निवृत्तिवेतन. ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावला त्यांचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, पेत्रानेही प्रभूला नाकारले होते. पण तो रडला आणि परत आला. यहुदाला पस्तावा झाला, पण क्षमेसाठी तो प्रभूकडे परतला नाही. फरक इथे आहे.

आपल्या कोकणात मुंबईला गेलेला भाऊ घर, कलमे आणि म्हातारी आई गावच्या भावाच्या हाती विश्वासाने सोपवतो. सातबाऱ्यावर आपले नाव तेवढे चढवून घेऊ, असा विचार मनात येतो तेव्हा राघोबादादांची आठवण ठेवू या. आणि चूक घडून गेली असेल, तर पवित्र आठवड्यापूर्वी पापनिवेदनाला या, आणि घेतलेले परत करा. रामशास्त्रींनी सांगितलेल्या प्रायश्चित्तात प्राण द्यावा लागत होता. आपल्यासाठी तो प्रभूने आधीच दिला आहे.

तुमचा,
धर्मगुरू